साठ फळ्या, एक काळा

साठ चित्रे रंगवली असे ऐकले की आपण मनात एक क्रम धरतो: पहिले पुरे झाले, बाजूला ठेवले, दुसरे हाती घेतले. जेकब लॉरेन्स या अमेरिकी चित्रकाराची १९४०-४१ मधली ६० चित्रे अशी झाली नाहीत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे लॉरेन्स तेव्हा तेवीस वर्षांचे होते. १२ बाय १८ इंचांच्या हार्डबोर्डच्या ६० फळ्या त्यांनी एकदमच कामाला घेतल्या. फळ्यांना पांढरे अस्तर चढवायला ग्वेंडोलिन नाइट सोबत होत्या. त्याही चित्रकार, आणि १९४१ मध्ये दोघांचे लग्न झाले. अस्तरावर रेखाटने झाली आणि मग रंग आला. तो केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेला, लवकर वाळणारा, चकाकी नसलेला. आधी सर्वांत गडद रंग घ्यायचा आणि ज्या ज्या फळीवर तो हवा आहे तिथे तिथे लावून टाकायचा. तो झाला की त्याहून उजळ, मग त्याहून उजळ. छटा एकमेकींत मिसळायच्या नाहीत, म्हणजे कुठल्याही दोन फळ्यांवरचा पिवळा हा एकाच डबीतला पिवळा राहील. हे काम चालू असताना कितीतरी दिवस या ६० मधले एकही चित्र पुरे झालेले नव्हते. एकच मोठी वस्तू अर्धवट होती, आणि तिचे ६० तुकडे खोलीभर मांडलेले होते.

चित्रमालिकेतून गोष्ट कशी सांगितली जाते याचा विचार करायला बसल्यावर मला या पद्धतीपाशी पुन्हा पुन्हा यावे लागते, कारण ‘थर’ या शब्दाचा आपला नेहमीचा अर्थ ती हलवते. थर म्हटले की आपल्यापुढे दहीहंडी उभी राहते: एकावर एक, खालच्याच्या खांद्यावर वरचा. चित्राबद्दल बोलतानाही आपण तसेच बोलतो. तळाला पार्श्वभूमी, तिच्यावर झाडे-घरे, तिच्यावर माणसे, सर्वांत वर उजेड. संगणकावर चित्रे काढणाऱ्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात लेअरची जी यादी असते तीही अशीच उभी असते. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो एका चित्रापुरता आहे. मालिकेतला थर आडवा असतो. तो पहिल्या चित्रात शिरतो आणि शेवटच्यातून बाहेर पडतो. विणकामातली जोडी इथे नेमकी उपयोगी पडते. मागावर आधी ताणा चढतो, संपूर्ण कापडाच्या लांबीचा, आणि मग बाणा एकेक ओळ भरत जातो. मालिकेतले प्रत्येक चित्र म्हणजे बाण्याची एक ओळ. लॉरेन्स यांनी ६० फळ्यांवरून फिरवलेला काळा रंग म्हणजे ताणा. माझे म्हणणे एवढेच आहे की चित्रमालिकेत गोष्ट वाहून नेण्याचे काम हा ताणा करतो, आणि मालिका फसते तेव्हा बहुतेक वेळा तो चढवायचाच राहून गेलेला असतो.

लॉरेन्स यांचा विषय काय होता ते आधी पाहू, कारण या विषयाने त्यांच्यापुढे एक खास अडचण उभी केली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे निघाली. युद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते आणि उत्तरेच्या कारखान्यांना हात हवे होते. दक्षिणेत कपाशीच्या बोंडांवर सोंडकिडा पडला होता, पुरांनी शेते खराब झाली होती, आणि जमावाकडून झाडाला लटकवले जाण्याची धास्ती रोजची होती. हे स्थलांतर १९७० पर्यंत चालू राहिले आणि तोवर सुमारे ६० लाख माणसांनी गाव सोडले. लॉरेन्स यांचे आई-वडीलही याच वाटेने उत्तरेला आले होते. हार्लेमच्या ग्रंथालयातल्या शॉम्बर्ग संग्रहात बसून त्यांनी या विषयाचा अभ्यास केला, प्रत्येक चित्राखालची ओळ आधी लिहिली आणि मग रेखाटनाला हात घातला. यापूर्वी त्यांनी तीन मालिका केल्या होत्या: हैतीचा मुक्तिनेता तूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावर ४१ चित्रे, आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस व हॅरिएट टबमन यांच्यावर अनुक्रमे ३२ आणि ३१. त्या तिन्हींत एक नायक किंवा नायिका आहे. चरित्रनायक प्रत्येक वळणावर परत भेटतो, आणि तो भेटला की पाहणाऱ्याला कळते की आपण त्याच गोष्टीत आहोत. स्थलांतराच्या मालिकेत असा कुणी नाही. एका चित्रातली बाई पुढच्या चित्रात सापडत नाही. माणसांना बहुतेक ठिकाणी नाकडोळेही नाहीत, नुसते आकार आहेत. लाखो माणसे हाच नायक असेल तर त्याचा चेहरा काढायचा कसा? चरित्रात जो भार एका देहाने उचलला असता तो इथे रंगावर आणि परत परत येणाऱ्या जागांवर आला.

त्या जागांत रेल्वे स्टेशन सर्वांत ठळक आहे. पहिल्याच चित्रात लोंढा तीन दारांकडे रेटत चालला आहे आणि दारांवर शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुई अशी नावे आहेत. बाराव्यात पुन्हा स्टेशन, आणि खालची ओळ सांगते की गर्दी आवरायला पहारेकरी बोलवावे लागत. बत्तिसाव्यात पुन्हा दक्षिणेचे खचाखच भरलेले स्टेशन. साठावे, म्हणजे शेवटचे चित्रही स्टेशनचेच: पुढे आडवे रूळ, त्यांच्यापलीकडे सामान घेऊन उभी असलेली माणसांची रांग. गोष्टीच्या सोयीसाठी पाहिले तर हे विचित्र आहे. माणसे उत्तरेला पोचली, घरे मिळाली, दंगली झाल्या, मुले शाळेत गेली, आणि तरी शेवटी आपण परत फलाटावर. पण पहिल्या आणि साठाव्या चित्रातली माणसे एकच नाहीत हे कळायला वाचकाला कुणी सांगावे लागत नाही. मधल्या ५८ चित्रांत काय काय घडले ते पाहूनही निघणारे अजून निघताहेत, हे त्याला उमगते. आणि ते उमगते याचे कारण असे की स्टेशन तेच आहे, कोटांचा काळा तोच आहे, बदलली आहे ती त्याची स्वतःची माहिती. पहिल्या चित्रात तो या गर्दीविषयी काही जाणत नव्हता. शेवटच्या वेळी तो जाणतो की या लोकांना तिकडे काय मिळणार आहे. एका चित्रात ही गोष्ट सांगता आली नसती, आणि ६० वेगवेगळ्या सुंदर चित्रांतही नाही. तिला तोच आकार त्याच रंगात परत यावा लागतो आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये पुरेसे अंतर असावे लागते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो रंगकाम करणारा कुणीही घेईल. एक रंग सगळ्या फळ्यांवर लावून घेणे ही सोय होती. डबी उघडली की सगळीकडे लावून टाकावी, वेळ वाचतो, रंग वाया जात नाही आणि छटेत फरक पडत नाही. यात एवढा अर्थ कशाला शोधायचा? सोय होती हे खरेच आहे. पण त्या सोयीचे शेवटचे कलम पुन्हा वाचावे: छटेत फरक पडू नये. ६० चित्रे वेगवेगळ्या भिंतींवर टांगायची असती तर त्यांच्या छटा जुळल्या काय, न जुळल्या काय, कुणाला फरक पडला असता? जुळण्याची गरज त्यालाच भासते ज्याला ती एक वस्तू म्हणून दिसत असतात. आणि जुळणे म्हणजे सारखे दिसणे नव्हे. दोन सारखे निळे शेजारी ठेवले की डोळा त्यांची तुलना करतो; तोच निळा दोनदा दिसला की डोळा त्याला ओळखतो. तुलना करायला क्षणभर थांबावे लागते, ओळख आपोआप होते. ४९ व्या चित्रात उत्तरेतल्या एका खाणावळीच्या मधोमध पिवळी नागमोडी दोरी आहे, एका बाजूला गोरे जेवताहेत, दुसऱ्या बाजूला काळे. तो पिवळा अधल्यामधल्या फळ्यांवर वाचकाने कितीदा तरी पाहिलेला असतो, त्यामुळे ती दोरी नवीन वस्तू म्हणून येत नाही. उत्तरेला आल्यावरही काही सुटलेले नाही, हे खालची ओळ वाचण्याआधी रंगातून कानावर येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोष्ट खरे तर खालच्या ओळी सांगतात, चित्रे फक्त त्यांना साथ करतात, असे कुणी म्हणेल. आणि लॉरेन्स यांनी ओळी आधी लिहिल्या होत्या हे त्याच्या बाजूने जाते. शब्द हाही मालिकेतला एक आडवा थरच आहे, हे मला मान्य आहे. पण तो किती भार उचलतो हे तपासायची एक संधी खुद्द लॉरेन्स यांनीच दिली. १९९३ मध्ये मालिका पुन्हा एकत्र दाखवली गेली तेव्हा त्यांनी बऱ्याच ओळी नव्याने लिहिल्या, मालिकेचे मूळ नावही बदलले. पन्नास वर्षांपूर्वीच्या शब्दांची जागा आजच्या कानाला पटणाऱ्या शब्दांनी घेतली. मालिका मोडली नाही. पहिले चित्र पहिलेच राहिले, साठावे साठावेच. याउलट कल्पना करून पाहावी: ओळी त्याच ठेवल्या आणि साठही चित्रे साठ वेगळ्या चित्रकारांकडून काढून घेतली. माहिती सगळी मिळेल, इतिहासाच्या पुस्तकाला ती चालेलही, पण शेवटच्या फलाटावर जे होते ते होणार नाही. शब्दांचा थर काढून दुसरा घालता येतो. रंगाचा आणि आकाराचा थर काढला तर हातात काही उरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे आहे असा दावा मी करणार नाही. ही मालिका १९४२ मध्ये दोन संग्रहालयांनी वाटून घेतली. विषम क्रमांकांची ३० चित्रे वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे गेली, सम क्रमांकांची ३० न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे. त्याआधी नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने २६ चित्रे छापली होती. म्हणजे गेली ८० हून अधिक वर्षे बहुतेक लोकांनी ही मालिका तुटक्या रूपातच पाहिली आहे, आणि तरीही ती विसाव्या शतकातल्या अमेरिकी चित्रकलेची मोठी कामगिरी मानली जाते. मग एकेक चित्र स्वतःच्या बळावर उभे आहे असेच यातून ठरत नाही का? काही अंशी ठरते. २२ व्या चित्रातले पाठमोरे, बेड्या घातलेले तीन पुरुष, किंवा ५८ व्यातल्या फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या, पायऱ्या चढल्यासारखे हात वर जाणाऱ्या तीन मुली: ही चित्रे कुठेही टांगा, थांबवतात. पण १५ वे आणि १६ वे पाहा. पंधराव्यात एका उघड्या फांदीवरून दोरीचा फास लोंबतो आहे, खाली खडकावर एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसला आहे. मृतदेह नाही. सोळाव्यात घरात टेबलापाशी एक बाई, तीही खाली वाकलेली. पंधरावे एकटे पाहिले तर ते एका शोकाचे चित्र आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर त्यांच्यामध्ये, पानाच्या कोऱ्या जागेत, जे काढलेले नाही ते येऊन उभे राहते, आणि लगेच कळते की फासाखालचा आकार आणि टेबलापाशी वाकलेली बाई ही एकाच वजनाखाली वाकलेली आहेत. आज पंधरावे वॉशिंग्टनमध्ये आहे आणि सोळावे न्यूयॉर्कमध्ये. सुटी चित्रे जगली हे लॉरेन्स यांच्या हाताचे मोठेपण. पण वाटणीत गेले ते दोन चित्रांमधले अंतर, आणि ज्याला मी गोष्ट म्हणतो ती तिथेच राहत होती. म्हणून २०१५ मध्ये न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला साठही चित्रे पुन्हा एका ओळीत लावली गेली, तेव्हा ती जुनी ओळखीची चित्रे एकत्र आली एवढाच त्याचा अर्थ नव्हता.

रंगाचा एकसारखेपणा हाच एकमेव ताणा आहे असा समज मात्र इथे होऊ देता कामा नये, कारण त्याच्या विरुद्ध एक भक्कम उदाहरण आहे. जर्मन चित्रकार केटे कोलवित्झ यांनी १८९३ ते १८९७ या काळात ‘विणकरांचा उठाव’ ही सहा पानांची मालिका केली. सायलेशियातल्या विणकरांनी १८४४ मध्ये केलेल्या बंडावर गेरहार्ट हाउप्टमान यांनी लिहिलेले नाटक पाहून त्या या विषयाकडे वळल्या. या सहांपैकी पहिली तीन पाने शिळाछापाची आहेत आणि उरलेली तीन एचिंगची. दोन वेगळी तंत्रे, दोन वेगळ्या रेषा, दगडावरच्या खडूचा मऊ काळा आणि तांब्याच्या पत्र्यातून आलेला टोकदार काळा. माझ्या म्हणण्याप्रमाणे ही मालिका मधोमध तुटायला हवी. ती तुटत नाही. पहिल्या पानावर विणकराची अंधारी, ठेंगणी खोली, माग, आणि मरणाला टेकलेले मूल. मग मृत्यू, खलबत, मोर्चा, मालकाच्या फाटकावरचा हल्ला. सहाव्या पानावर पुन्हा तशीच विणकराची खोली, तसाच माग, आणि आत आणली जाणारी प्रेते. माग हा इथला ताणा आहे, अगदी शब्दशः. तो पहिल्या पानावर उपासमारीचा साक्षीदार होता, शेवटच्या पानावर पराभवाचा, आणि मधे रस्त्यावर उतरलेले लोक त्यालाच मागे टाकून निघाले होते. थर कशाचा बनवायचा याला नियम नाही. रंग चालेल, वस्तू चालेल, जागा चालेल. तो आधी ठरलेला असावा आणि सगळीकडून गेलेला असावा, एवढेच म्हणता येते.

जपानी लाकूडठशांची आठवण इथे येतेच, कारण थर हा शब्द तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो: प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि कागद दर वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून ठशावर कोरलेल्या खुणा. पण हिरोशिगे यांच्या तोकाइदो रस्त्यावरच्या ५५ चित्रांत ते ठसे एकेका चित्राचेच असतात, पुढच्याच्या कामाला येत नाहीत. तिथे सगळ्यांतून जातो तो खुद्द रस्ता.

मराठी वाचकाने याची सर्वांत जवळची साक्ष कुडाळजवळच्या पिंगुळीत शोधावी. तिथल्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही सुट्या पानांची चित्रमालिका आहे. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात, आणि पाने पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीवर कथेकरी एकेक पान पुढे धरतो आणि रामायण-महाभारतातले आख्यान लावतो. या परंपरेतल्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या पानांकडे नीट पाहिले की एक गोष्ट जाणवते. बाजूने दाखवलेले चेहरे, टपोरे डोळे, कागद भरून टाकणारे देह, आणि मागे बहुतेक वेळा कोरी जागा. डोंगर, झाडी, संध्याकाळ यांत चित्रकाराने जीव घातलेला नाही. ही उणीव म्हणणाऱ्याने पोथी कशासाठी आहे ते लक्षात घेतलेले नसते. अरण्य, पाऊस, रात्र हे सगळे आवाजात आहे. हुडुकाच्या ठेक्याचा आणि गाण्याचा थर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अखंड जातो, आणि चित्राने त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी अशी चित्रे आपण काचेआड पाहतो तेव्हा रेषा तशीच दणकट असते, डोळे तसेच रोखलेले असतात, पण बाण सोडणारा कुणावर सोडतो आहे ते कळत नाही, कारण ज्या थरात ते सांगितलेले होते तो थर काचेआड येत नाही. लॉरेन्स यांची फुटलेली मालिका आणि पोथीतून निसटलेले पान यांचे दुखणे एकच आहे.

आज चित्रमालिका करणाऱ्यांना हे सगळे दूरचे वाटण्याचा संभव आहे. ते पडद्यावर काम करतात, प्रत्येक चित्राची वेगळी फाइल असते, आणि फाइलीत चाळीस-पन्नास लेअर सहज होतात. या साधनाने एका चित्राची खोली अमाप वाढवली आणि चित्राचित्रांमधले येणेजाणे अवघड करून ठेवले, कारण एक फाइल उघडली की दुसरी डोळ्यांआड जाते. परिणाम अनेक सचित्र पुस्तकांत दिसतो: प्रत्येक पान भरगच्च, प्रत्येक पानाचा उजेड वेगळा, आणि पाने उलटताना दर वेळी नव्या दारातून आत शिरल्यासारखे होते. पण दोष साधनाच्या माथी मारणे मला पटत नाही. सगळी चित्रे अंगठ्याएवढी करून एकाच पानावर मांडता येतात, एकच रंग निवडून तो फक्त तेवढाच सगळीकडे भरून पाहता येतो, बाकी सगळे लेअर बंद ठेवून. लॉरेन्स यांना यासाठी ६० फळ्या मांडायला खोली लागली होती. आज एक पडदा पुरतो. तो रंग कोणत्या चित्रांत अजिबात नाही, कुठे अचानक जास्त झाला, कुठे परत यायला उशीर झाला, हे चित्रे पुरी होण्याआधीच दिसते. अशाने चित्रकाराचा हात बांधला जाईल, ऐनवेळी सुचणाऱ्याला जागा राहणार नाही, अशी भीती काहींना वाटते. ताणा चढवल्यावरही बाण्याला किती मोकळीक असते हे पैठणीचा पदर पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. लॉरेन्स यांच्या ६० चित्रांत काही आडवी आहेत, काही उभी. काहींत गर्दी, काहींत एकच माणूस.

पुढील पानांत या मालिका एकेक करून पाहायच्या आहेत, लॉरेन्स यांच्यापासून सुरुवात करून. त्यांच्याविषयी लिहिणारे साहजिकच पहिल्या चित्रापासून, त्या तीन दारांपासून सुरू करतात. इथे क्रम वेगळा ठेवला आहे. पहिले प्रकरण काळ्या रंगाचे आहे: तो कोणत्या फळ्यांवर किती आहे, कुठे कोट झाला, कुठे रात्र झाला, आणि कोणत्या फळीवर तो जवळजवळ नाही. दारे त्यानंतर येतील.